उतरण्याचा मोह आणि परत फिरण्याचे शहाणपण

वृत्तपत्राच्या आतील पानावर अधूनमधून दोन ओळींची एक बातमी असते. प्रशिक्षणाचे विमान उतरताना धावपट्टीवरून घसरले. वैमानिक सुखरूप आहे. चौकशी सुरू झाली आहे. वाचक ती वाचतो, जीव वाचला याबद्दल समाधान मानतो आणि पान उलटतो. मोठे प्रवासी विमान कोसळले म्हणजे सारा देश हळहळतो, संसदेत प्रश्न विचारले जातात, महिनोन्‌महिने चर्चा चालते. लहान विमानाचे चाक मोडले किंवा नाक चिखलात रुतले, तर त्याची वास्तपुस्त करावी असे कोणास वाटत नाही. मनुष्यहानी झाली नाही, एवढ्यावर विषय मिटतो.

आम्हांस हा विषय इतक्या सहजासहजी मिटविण्यासारखा वाटत नाही. ज्या कारणाने आज एखाद्या विमानाचे चाक मोडते, त्याच कारणाने उद्या दुसऱ्या विमानातील चार माणसे प्राणास मुकतात. दोन्ही घटनांमध्ये अंतर असते ते पुष्कळदा पाच-पन्नास फुटांचे, अथवा वाऱ्याच्या एखाद्या झोताचे. यास्तव लहान विमाने उतरताना का अपघात होतात, याचा शांतपणे विचार करणे हे केवळ वैमानिकांचे काम नव्हे. ज्यांची मुले आज हे शिक्षण घेत आहेत आणि ज्यांच्या घरांवरून ही विमाने जातात, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अपघात होतो तो उंच आकाशात, ढगांच्या गडगडाटात, इंजिन बंद पडल्यामुळे, असे चित्र सर्वसामान्य माणसाच्या मनात असते. आकड्यांची साक्ष निराळी आहे. जगातील जेट प्रवासी विमानांची जी आकडेवारी बोइंग कंपनी दर वर्षी प्रसिद्ध करते, तीवरून असे दिसते की, दीड तासाच्या उड्डाणात अंतिम उतरण व भूमिस्पर्श यांचा काळ शेकडा चारच्या आसपास असतो. परंतु प्राणघातक अपघातांपैकी जवळजवळ निम्मे याच अल्पावधीत घडतात. लहान विमानांच्या बाबतीत अमेरिकेतील विमानमालक व वैमानिक यांच्या संघटनेची सुरक्षा-संस्था 'नॉल अहवाल' या नावाने आढावा प्रसिद्ध करीत आली आहे. १९८९ साली विमान-अपघातातच मृत्यू पावलेले, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे सदस्य जोसेफ नॉल यांच्या स्मरणार्थ त्यास हे नाव दिलेले आहे. वर्षानुवर्षे त्या अहवालाचा निष्कर्ष एकच असतो: वैमानिकाच्या हातून होणाऱ्या अपघातांत उतरतानाच्या अपघातांची संख्या सर्वांत अधिक, आणि त्यांतील प्राणहानी मात्र त्या मानाने पुष्कळ कमी. यंत्र बिघडल्यामुळे होणाऱ्या अपघातांचा वाटा त्यांपुढे लहान ठरतो.

प्राणहानी कमी, हीच गोष्ट घातक ठरते. जो दोष फारसा दंड न करता सोडून देतो, तो दोष अंगवळणी पडतो.

विमान उतरविणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान घेऊ. १९५६ पासून बाजारात असलेल्या या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली असून, जगातील असंख्य वैमानिकांनी पहिले धडे त्यावरच गिरविले आहेत. हे विमान धावपट्टीकडे येताना साधारणतः ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने येते. हा आकडा मनाला येईल तसा ठरविलेला नसतो. ज्या वेगाखाली पंख विमानाचे वजन तोलू शकत नाहीत, त्या वेगाच्या सुमारे १.३ पट वेग उतरणीसाठी धरावा, असा सर्वमान्य दंडक आहे. ही जी शेकडा तीस शिल्लक, तीच वैमानिकाची गंगाजळी. ती उधळली तर विमान पडते. ती गरजेहून फार वाढविली तर विमान जमिनीवर टेकतच नाही.

जमीन दहा-पंधरा फुटांवर आली म्हणजे वैमानिक नाक हलकेच उचलतो, उतार मोडतो आणि वेग ओसरू देतो. या क्रियेस 'फ्लेअर' म्हणतात. वेग ओसरला म्हणजे विमान आपल्या आपण मागच्या दोन मुख्य चाकांवर टेकते. हे वर्णन सोपे वाटते. परंतु यात वेग, उंची, दिशा आणि वारा या चारही गोष्टी काही सेकंदांत एकत्र जुळून याव्या लागतात.

वेग जास्त झाला तर काय होते ते पाहू. गतीमुळे वस्तूच्या ठायी येणारी शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. वेग शेकडा दहाने वाढला तर ही शक्ती शेकडा एकवीसने वाढते, आणि विमान थांबण्यास लागणारी धावपट्टीही साधारण त्याच प्रमाणात वाढते. असे विमान धावपट्टीवर तरंगत राहते. धावपट्टी संपत चालली आहे हे वैमानिकास दिसते. तो अधीर होऊन विमान बळेच खाली दाबतो. मग मागच्या चाकांऐवजी नाकाखालचे नाजूक चाक आधी आपटते, विमान चेंडूसारखे उसळते, वैमानिक पुन्हा नाक दाबतो, आणि दुसरी उसळी पहिलीहून मोठी होते. तिसऱ्या-चौथ्या उसळीत पुढचे चाक मोडते आणि प्रोपेलरची पाती जमिनीवर आपटून वाकतात. 'धावपट्टीवरून घसरले' या दोन शब्दांमागे पुष्कळदा एवढे सारे घडलेले असते. यात इंजिनाचा दोष नसतो आणि हवेचाही नसतो. पहिल्या उसळीबरोबर इंजिनास पूर्ण शक्ती देऊन विमान पुन्हा आकाशात नेले असते, तर बातमीच झाली नसती.

वारा बाजूने येत असेल तर अडचण वाढते. त्या वेळी विमानाचे नाक एकीकडे आणि त्याची वाटचाल दुसरीकडे असते. टेकण्यापूर्वी नाक धावपट्टीच्या रेषेत आणावे लागते, तसेच वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली धरावा लागतो. शेपटीखाली चाक असणाऱ्या जुन्या विमानांत तर भूमिस्पर्शानंतरही खरी कसोटी असे. आपल्याकडे ज्या एचटी-२ विमानावर वायुदलातील वैमानिकांच्या पिढ्या घडल्या, ते याच घडणीचे होते. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आराखडा तयार झाला व १९५१ साली ते प्रथम आकाशात गेले. अशा विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा वळले की, मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि विमान स्वतःभोवती गरकन फिरते. पुढे चाक असणाऱ्या विमानांनी हा धोका पुष्कळ कमी केला. परंतु त्याचबरोबर, आता उतरणे सोपे झाले, अशी एक समजूतही रूढ केली. वारा काही बदललेला नाही.

डोळ्यांचा धोका तर आणखी निराळा. नेहमीच्या रुंद धावपट्टीची सवय झालेला वैमानिक अरुंद पट्टीवर आला की, आपण वाजवीपेक्षा उंच आहोत असे त्यास वाटते आणि तो नकळत खाली येतो. पट्टी चढणीची असली तरी हाच भास होतो. रात्री अंधाऱ्या माळापलीकडे केवळ धावपट्टीचे दिवे दिसत असले म्हणजे मधल्या जमिनीचा अंदाजच लागत नाही, आणि उंचीवर असल्याचा असाच भास होतो.

हवामानाचा एक भाग आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. माणसे त्या हवेने हैराण होतात, विमानही होते. त्या तापलेल्या हवेची घनता सुमारे साडेचार हजार फुटांहून अधिक उंचीवर असावी तितकी कमी झालेली असते. अशा विरळ हवेत वेगमापकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवितो. परंतु जमिनीच्या मानाने विमान शेकडा सात-आठने अधिक वेगाने धावत असते. धावपट्टी जास्त लागते आणि परत वर जायचे म्हटले तर इंजिनाचे बळ कमी पडते. कोकणातील दमट हवेत आणखी एक शत्रू आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात, बाहेर वीस अंशांहून अधिक तपमान असतानाही, कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरू शकतो. आणि तो धरण्यास सर्वांत अनुकूल वेळ म्हणजे इंजिनाची शक्ती कमी करून खाली येण्याची. वैमानिकास याची गंधवार्ताही नसते. ज्या क्षणी तो शक्ती मागतो, त्या क्षणी इंजिन नकार देते.

येथपर्यंत ज्या अपघातांचे वर्णन केले, त्यांतील पुष्कळांत माणूस खरचटून वाचतो. ज्यात वाचत नाही, तो प्रकार धावपट्टीवर घडत नाही. तिच्याकडे वळताना घडतो. विमान धावपट्टीस समांतर जाते, मग एक काटकोनी वळण घेते आणि शेवटच्या वळणाने धावपट्टीच्या रेषेत येते. या शेवटच्या वळणाच्या वेळी उंची साधारणतः पाचशे फूट असते. मागून वारा असला तर वळण पुरे होण्याच्या आत विमान रेषेच्या पलीकडे जाते. आता वैमानिकापुढे दोन मार्ग असतात. हा प्रयत्न सोडून द्यावा, पुन्हा वर जावे आणि दुसरी फेरी घ्यावी, हा एक. वळण आवळून कसेही करून रेषेत यावे, हा दुसरा. दुसरा मार्ग मोहाचा आहे, आणि त्याचे गणित निर्दय आहे. उंची न सोडता विमान ३० अंश कलवून वळविले, तर ज्या वेगाखाली ते कोसळते तो वेग शेकडा सातने वाढतो. ४५ अंशांवर ही वाढ शेकडा एकोणीस होते, आणि ६० अंशांवर शेकडा एक्केचाळीस. वैमानिकाची सारी शिल्लक तीसच होती, हे येथे आठवावे.

यात आणखी एक फसगत आहे. फार कलू नये हे वैमानिकास ठाऊक असते. म्हणून तो पंख न कलविता पायाने सुकाणू दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो, आणि खाली जाणारे नाक हाताने वर धरतो. ही दोन्ही कृत्ये त्यास सावधपणाची वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे आतल्या बाजूच्या पंखाची तोलशक्ती आधी संपते, विमान त्या बाजूस उलटते आणि गिरकी घेत खाली जाते. पाचशे फुटांत सावरण्यास अवकाश नसतो. वुल्फगांग लँगेविशे यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्टिक अँड रडर' या ग्रंथात हे तत्त्व सामान्य वैमानिकास समजेल अशा भाषेत मांडले. विमान केवळ वेग कमी झाल्यामुळे पडत नाही, पंख वाऱ्याशी वाजवीपेक्षा मोठा कोन करतात म्हणून पडते, असे त्यांनी बजावून सांगितले. त्याला आता ऐंशी वर्षे होऊन गेली. ज्ञान जुने आहे, सर्वत्र शिकविले जाते, परीक्षेत विचारले जाते. तरीही माणसे त्याच वळणावर मरतात.

असे का व्हावे? आमच्या मते या सर्व प्रकारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वेग जास्त होता, वारा आडवा होता, वळण चुकले, उसळी बसली. या प्रत्येक वेळी परत वर जाण्याचा मार्ग बहुधा मोकळा होता, आणि तो घेतला गेला नाही. हातातोंडाशी आलेला घास कोणास सोडवत नाही. धावपट्टी समोर दिसत असते, प्रवास संपत आलेला असतो, मागे बसलेली माणसे सामान आवरीत असतात. अशा वेळी उतरण सोडून देणे म्हणजे आपली फजिती झाल्याचे चारचौघांत जाहीर करणे, असे मनास वाटते. हे केवळ नवशिक्यांचेच होते असेही नाही. मोठ्या प्रवासी विमानांविषयी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या उतरणी नियमाप्रमाणे स्थिर नव्हत्या व ज्या सोडून द्यावयास हव्या होत्या, त्यांपैकी शेकडा तीनच्या आसपास सोडून दिल्या गेल्या. बाकीच्या तशाच रेटून नेण्यात आल्या. ज्यांच्याजवळ दोन वैमानिक, लेखी नियम आणि नियमित परीक्षा आहेत त्यांची ही कथा. मग लहान विमानात एकट्या बसलेल्या माणसाकडून किती अपेक्षा करावी?

तथापि, 'संशय आला की परत फिरा' एवढा उपदेश करून आपले कर्तव्य संपत नाही. परत फिरणे हीदेखील एक कला आहे, आणि ती न साधल्यास तीच प्राण घेते. ९ जून २०१६ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या हॉबी विमानतळावर जे घडले, ते याचे उदाहरण म्हणून प्रत्येक प्रशिक्षणशाळेत शिकविण्यासारखे आहे. सिरस जातीच्या लहान विमानातून तिघे जण तेथे उतरावयास आले. विमानतळ गजबजलेला. मागून वेगाने येणाऱ्या बोइंग ७३७ मुळे त्यांना पहिली उतरण सोडण्यास सांगण्यात आले. पुढे दुसरी धावपट्टी देण्यात आली. तेथे वारा बाजूचा होता, आणि विमान दोनदा प्रमाणाबाहेर उंच राहिले. दोन्ही वेळा वैमानिकाने रेटून उतरण्याचा प्रयत्न केला नाही, उतरण सोडली. येथवर निर्णय योग्यच होता. परंतु नियंत्रण मनोऱ्याकडून सूचनांमागून सूचना येत होत्या, मार्ग बदलत होते, आणि अखेरच्या वेळी पुरेसा वेग येण्यापूर्वीच फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागील कडेच्या झडपा, वर घेतल्या गेल्या. पंखांचा आधार तुटला, विमान गिरकी घेऊन विमानतळाजवळच्या एका दुकानाच्या वाहनतळावर कोसळले, आणि तिघेही मृत्युमुखी पडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा जो निर्णय दिला तो मननीय आहे. वेग सुरक्षित होण्यापूर्वी फ्लॅप वर घेतले, हे मुख्य कारण त्याने नोंदविले. परंतु तेवढ्यावर न थांबता, पहिल्या नियंत्रकाने त्या विमानास गजबजलेल्या विमानतळाच्या फेऱ्यांतच ठेवले आणि दुसऱ्या नियंत्रकाने आणीबाणीच्या क्षणी विनाकारण गुंतागुंतीच्या सूचना दिल्या, याही गोष्टी साहाय्यक कारणे म्हणून नमूद केल्या. कोणत्याही अपघातास शेवटचा हात एकाचा लागतो. त्याआधीचे हात अनेकांचे असतात.

आपल्या घराकडे वळू. मुंबईला हा विषय परका नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले बीचक्राफ्ट किंग एअर विमान परतताना घाटकोपरच्या दाट वस्तीत कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण प्राणास मुकले. १४ सप्टेंबर २०२३ रोजी भर पावसात विशाखापट्टणमहून आलेले लियरजेट विमान मुंबईच्या धावपट्टीवरून बाहेर जाऊन मोडले. आठ जण त्यात होते, आणि सुदैवाने सर्व वाचले. या दोन घटनांची कारणे एक होती असे आमचे म्हणणे नाही. एवढेच सांगावयाचे आहे की, लहान विमान चुकीच्या जागी खाली आले तर ते कोणाच्या अंगणात येईल याचा नेम नसतो.

याच जुहूचा एक जुना इतिहास मोठा बोधप्रद आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ हे चिमुकले विमान कराचीहून अहमदाबादमार्गे आणून जुहूच्या मातीवर उतरविले, आणि देशातील नियमित टपाल-विमानसेवेचा आरंभ झाला. परंतु पावसाळा आला की, जुहूचा तो तळ चिखलपाण्याने निरुपयोगी होत असे. तेव्हा टाटांच्या वैमानिकांनी तेथेच उतरण्याचा हट्ट धरला नाही. पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्यास हलविला. टपाल वेळेवर पोहोचविण्याची जिद्द त्यांच्यापाशी कमी नव्हती. त्या सेवेचा वक्तशीरपणा नावाजला गेला. पण जेथे उतरता येत नाही तेथे उतरावयाचे नाही, हा विवेक त्या जिद्दीच्याच जोडीला होता. साधने तुटपुंजी असताना जे साधले, ते आज साधनांची रेलचेल असताना साधू नये, हे बरोबर दिसत नाही.

आज महाराष्ट्रात गोंदिया, शिरपूर, जळगाव अशा ठिकाणी तरुण-तरुणी उड्डाणाचे शिक्षण घेऊ लागल्या आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्यासाठी होणारा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबास न पेलणारा असतो. पुष्कळ घरांत त्याकरिता कर्ज काढले जाते. प्रत्येक तासाचा पैसा मोजलेला, मागे विद्यार्थ्यांची रांग लागलेली, शिक्षकावर वेळापत्रकाचा भार. अशा वातावरणात एखाद्या मुलाने तीन वेळा उतरण सोडून दिली, तर त्याच्याकडे कौतुकाने पाहिले जाईल काय? 'अजून जमत नाही' असा शेरा त्याच्या नावापुढे पडण्याचाच संभव अधिक. आणि एकदा हा शेरा मनाला लागला की, पुढच्या वेळी तो मुलगा वेगाचा काटा वाढलेला दिसत असूनही विमान खाली दाबणार. आई-बापांनी घरून दूरध्वनीवर 'एकट्याने उडालास का, केव्हा उडणार' असे विचारताना याचा थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट शाळांनी करावयाची. उतरणीचा नेहमीचा शेवट भूमिस्पर्श आणि अपवादात्मक शेवट परत फिरणे, अशी शिकवण बदलली पाहिजे. प्रत्येक उतरण ही परत फिरण्याच्या तयारीनेच सुरू व्हावी; सारे स्थिर दिसले तर उतरावयाची परवानगी वैमानिकाने स्वतःस द्यावी. पूर्ण शक्ती, नाक योग्य कोनात, वेग, मग टप्प्याटप्प्याने फ्लॅप. हा क्रम पहिल्या दहा तासांत एकदा दाखवून भागणार नाही. तो उष्म्यात, आडव्या वाऱ्यात, अगदी जमिनीलगत, पुन्हा पुन्हा गिरविला पाहिजे. उतरण सोडल्याबद्दल विद्यार्थ्यास कोणताही उणा शेरा मिळता कामा नये.

दुसरी गोष्ट विमानाचे मालक, भाड्याने विमान घेणारे प्रतिष्ठित प्रवासी आणि त्यांचे चिटणीस यांनी ध्यानात ठेवावयाची. सभेस, लग्नास किंवा करारावर सही करण्यास उशीर होतो आहे, हे वाक्य वैमानिकाच्या कानावर घालू नये. आपल्या घाटरस्त्यांवर 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी जागोजाग लावलेली असते. विमानाच्या वाटेवर पाटी लावता येत नाही. ती प्रवाशाच्या मनात असावी लागते. ज्या वैमानिकाने उतरण सोडली आणि दुसऱ्या विमानतळावर नेऊन उतरविले, त्याचे आभार मानण्याची रीत आपल्यात रूढ झाली पाहिजे. नियंत्रण मनोऱ्यातील मंडळींनीही हे ओळखावे की, परत वर जाणाऱ्या वैमानिकास त्या क्षणी जितके कमी शब्द तितके बरे.

तिसरी गोष्ट शासनाची. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारास जोडलेले तेरावे परिशिष्ट १९५१ साली स्वीकारले गेले. अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोष वाटणे हा नसावा, हे त्याचे सूत्र आहे. आपल्याकडे २०१२ साली विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला तो याच सूत्राच्या आधारे. मोठ्या अपघातांच्या अहवालांकडे सर्वांचे लक्ष असते. आमचे म्हणणे असे की, मोडलेल्या चाकाच्या, उसळलेल्या विमानाच्या, रुतलेल्या नाकाच्या लहानसहान घटनांचे सार सोप्या भाषेत, नावे गाळून, नियमितपणे प्रत्येक प्रशिक्षणशाळेत पोहोचावे. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांची गोपनीय निवेदने स्वीकारते, आणि आपली चूक मोकळेपणाने सांगणाऱ्यास बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. शिक्षेचे भय असले की माणूस चूक लपवितो, आणि लपविलेली चूक दुसऱ्याच्या पदरात पडते. परवाना तडकाफडकी रद्द केल्याने कठोरपणाचे समाधान मिळत असेल. शहाणपण मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग बेफिकीर वैमानिकास मोकाट सोडावयाचे काय? मुळीच नाही. जाणूनबुजून नियम मोडणारा, मद्य घेऊन उडणारा, दुरुस्तीच्या नोंदी खोट्या करणारा, यांस कायद्याने शासन झालेच पाहिजे. परंतु ज्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि अंदाज चुकला, त्यास याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे; शिवाय ते धोक्याचेही आहे. दोहोंत भेद करणे कठीण असले तरी अशक्य नाही, आणि तो भेद करणे यालाच न्याय म्हणतात.

आपल्या समाजात माघार या शब्दाला प्रतिष्ठा नाही. पुढे गेलेल्याचे पुतळे उभारले जातात. वेळीच मागे वळलेल्याचे नाव कोणास ठाऊक नसते. उड्डाणाच्या विद्येत मात्र हा न्याय उलटा लावावा लागतो. जो वैमानिक धावपट्टी समोर दिसत असता ती सोडून पुन्हा वर जातो, त्याच्या त्या दहा सेकंदांच्या निर्णयाची बातमी कधीही छापली जात नाही. छापण्यासारखे काही घडलेलेच नसते. विमान दुसऱ्या फेरीत शांतपणे उतरते आणि माणसे घरी जातात. अशा न छापल्या जाणाऱ्या बातम्यांची संख्या आपल्या देशात वाढावी, हीच आमची इच्छा आहे.